एल्टन जॉनचा ‘ज्युवेल बॉक्स’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ सीडी, १४८ गाणी, आणि त्यांत ब्रिटिश गायक-पियानोवादक एल्टन जॉनची सगळ्यात गाजलेली गाणी जवळपास नाहीतच. ‘ज्युवेल बॉक्स’ हा संच १३ नोव्हेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याच्याबद्दलच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका असते: मला एल्टनची पाच-दहा गाणी आवडतात, मग एवढ्या मोठ्या संचात माझ्यासाठी काय आहे? माझं मत ठाम आहे. यशाआधीची एल्टनची वर्षं ऐकायची असतील, एक गायक आणि एक कवी गाणं करायला शिकले कसे ते कानांनी अनुभवायचं असेल, तर हा संच ऐकायलाच हवा.

या संचात नेमकं काय काय आहे?

चार भाग आहेत. पहिल्या दोन सीडींवर एल्टननं स्वतः निवडलेली, त्याच्याच अल्बमांमध्ये मागे राहून गेलेली गाणी आहेत. पुढच्या तीन सीडींवर १९६५ ते १९७१ या काळातली ६५ ध्वनिमुद्रणं आहेत आणि त्यातली बहुतांश त्याआधी कधीच अधिकृतपणे बाहेर आली नव्हती. सहावी आणि सातवी सीडी १९७६ ते २००५ दरम्यानच्या बी-साइडची, म्हणजे सिंगलच्या, एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला छापल्या जाणाऱ्या गाण्यांची. आठव्या सीडीवरची १६ गाणी त्यानं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मी’ या आत्मचरित्राच्या अनुषंगानं निवडली आहेत. सगळ्या सीडी एका जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात बसवल्या आहेत, आणि पहिल्या भागातल्या गाण्यांवर एल्टननं त्यात स्वतः टिपणं लिहिली आहेत.

‘युअर साँग’ नाही, ‘रॉकेट मॅन’ नाही, ‘टायनी डान्सर’ नाही. असं का?

मुद्दामच. ती गाणी हवी असतील तर २०१७ साली आलेला ‘डायमंड्स’ हा संग्रह घ्या; दोन किंवा तीन सीडींमध्ये पन्नास वर्षांची लोकप्रिय गाणी मिळून जातील. गाजलेल्या गाण्यांचे एल्टनचे संग्रह १९७४ पासून निघत आले आहेत आणि पुढेही निघतील. त्यात आणखी एकाची भर घालून कुणाचं काहीच भलं झालं नसतं. या संचानं ती वाट सोडली, आणि मला तर तेच त्याचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

मी एल्टन फारसा ऐकलेला नाही. सुरुवात कुठून करू?

पहिली सीडी लावून क्रमानं आठवीपर्यंत जायचं, हा सरळ मार्ग मी सुचवणार नाही. तिसऱ्या सीडीपासून सुरुवात करा. तिथे अठरा वर्षांचा एक मुलगा ‘ब्लूजॉलॉजी’ नावाच्या बँडमध्ये गातोय. तो एल्टनच, पण त्याचं नाव अजून रेजिनाल्ड ड्वाइट आहे, आणि गाणं आहे ‘कम बॅक बेबी’. १९६५ सालचं. शब्द त्याचेच, चालही त्याचीच. गाणं साधं आहे, शब्द तर अगदीच बेताचे. पण पियानोवरचा हात बघा! अकराव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलाचा हात आहे तो.

तिथून पाचव्या सीडीच्या शेवटापर्यंत थांबू नका. मग पहिली आणि दुसरी ऐका, आणि आठवी सगळ्यात शेवटी. बी-साइडच्या दोन सीडी अधूनमधून ऐकायच्या, एका बैठकीत नाही.

१९६५ ते १९७१ ची ही गाणी आहेत तरी काय? इतकी वर्षं ती होती कुठे?

याचं उत्तर जरा लांबणार आहे, कारण सगळा संच याच प्रश्नावर उभा आहे.

१९६७ च्या उन्हाळ्यात लिबर्टी रेकॉर्ड्स या कंपनीनं ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकात जाहिरात दिली. नवे कलाकार आणि गीतकार-संगीतकार हवे होते. रेजिनाल्डनं ती वाचली आणि जाऊन सांगितलं की मला चाली सुचतात, गाताही येतं, पण शब्द लिहिता येत नाहीत. लिंकनशरमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलानंही तीच जाहिरात वाचून आपल्या कविता पाठवल्या होत्या. तो बर्नी टॉपिन. लिबर्टीनं दोघांपैकी कुणालाच घेतलं नाही. पण तिथल्या माणसानं बर्नीच्या कवितांचं बंद पाकीट रेजिनाल्डच्या हाती दिलं, आणि दोघांची गाठ पडण्याआधीच त्यानं त्यातल्या काही कवितांना चाली लावायला सुरुवात केली होती.

दोघांनी मिळून केलेलं पहिलं गाणं ‘स्केअरक्रो’, म्हणजे बुजगावणं. ते या संचात आहे. पॉप संगीतातल्या सगळ्यात दीर्घकाळ टिकलेल्या जोड्यांपैकी एकीचं पहिलं पाऊल तुम्हाला प्रत्यक्ष ऐकायला मिळतं. याच्यापुढे मला दुसरं कारण लागत नाही.

त्यांना आसरा मिळाला तो डिक जेम्सच्या प्रकाशन संस्थेत. बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशक म्हणून डिक जेम्सचं लंडनमध्ये मोठं नाव होतं. त्याच्या कार्यालयातच एक छोटा स्टुडिओ होता आणि तो सांभाळायचा कॅलेब क्वे हा तरुण गिटारवादक. कामाची वेळ संपली की कॅलेब मित्रांना आत घ्यायचा आणि चोरून रेकॉर्डिंग चालायचं. एक दिवस मालकाला पत्ता लागला. इतरांची हकालपट्टी झाली, पण या दोघांची गाणी ऐकून डिक जेम्सनं त्यांना आठवड्याच्या ठरावीक पैशांवर करारबद्ध केलं. कार्यालयाचा पत्ता होता ७१-७५, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट. संचात चक्क याच नावाचं एक गाणं आहे.

करार होता तो गाणी तयार करण्याचा, गायक म्हणून मिरवण्याचा नव्हता. इतर गायकांना उपयोगी पडतील अशी गाणी लिहायची, नमुन्यादाखल रेकॉर्ड करायची, आणि प्रकाशकानं ती बाजारात फिरवायची. म्हणून ही बहुतेक ध्वनिमुद्रणं डेमो आहेत. ती लोकांनी ऐकावीत यासाठी केलेली नव्हतीच. कुठल्या तरी गायकाच्या मॅनेजरनं ऐकावीत एवढाच हेतू होता. पुढे एल्टन जगभर गाजला, आणि ही गाणी चाहत्यांमध्ये चोरट्या प्रतींच्या रूपानं फिरत राहिली. स्वच्छ आवाजात आणि कलाकाराच्या संमतीनं ती इतक्या संख्येनं ऐकायला मिळाली ती २०२० सालीच.

डिक जेम्सबरोबर पुढे वाद झाला ना?

झाला. १९८५ साली एल्टन आणि बर्नी त्याच्याविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात उभे राहिले. सुरुवातीच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले नाहीत, थकलेल्या रॉयल्टीबद्दलचा निकाल मात्र त्यांच्या बाजूनं लागला. तरुणपणी घाईनं केलेल्या सहीचे परिणाम वीस-वीस वर्षं पुरतात, हे संगीताच्या धंद्यात अनेकांच्या वाट्याला आलं आहे.

ही जुनी गाणी खरंच चांगली आहेत, की फक्त अभ्यासकांसाठी?

दोन्ही प्रकारची आहेत. सुरुवातीची पंधरा-वीस गाणी ऐकताना त्या काळची हवा लगेच जाणवते. ‘अ डँडेलियन डाइज इन द विंड’, ‘व्हेल्व्हेट फाउंटन’, ‘मिस्टर लाइटनिंग स्ट्रायकरमन’, ‘एंजल ट्री’: नावांवरूनच कळतं की १९६७ आहे, बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ नुकताच आलाय आणि लंडनमधल्या प्रत्येक तरुण कवीला फुलं, कारंजी आणि स्वप्नं दिसतायत. बर्नी तेव्हा सतरा-अठराचा होता. शब्द पुष्कळदा सुंदर दिसावेत म्हणूनच लिहिलेले आहेत. तरी ‘व्हेन आय वॉज टील्बी ॲबी’सारख्या गाण्यात त्याच्या लिंकनशरमधल्या एका गावाचं नाव डोकावतं आणि वाटतं, हा मुलगा स्वतःच्या मातीकडे वळला तर काहीतरी करेल.

मध्ये एक टप्पा सरळसरळ बाजारासाठीच्या गाण्यांचा आहे. ‘आय कान्ट गो ऑन लिव्हिंग विदाउट यू’ हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९६९ साली युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी ब्रिटनचं गाणं निवडायचं होतं. लुलू या गायिकेनं टीव्हीवर सहा गाणी गायली आणि प्रेक्षकांनी मतं दिली. एल्टन-बर्नीचं गाणं सहाव्या क्रमांकावर आलं, म्हणजे शेवटचं. आता डेमो ऐकला की कारण उमगतं. गाणं नीटनेटकं आहे, पण ते कुणाचंही असू शकलं असतं.

बदल घडला तो स्टीव्ह ब्राउन या सहकाऱ्यामुळे. तो डिक जेम्सच्या कार्यालयात कामाला लागला, त्यानं गाणी ऐकली आणि दोघांना सांगितलं की मालकाला काय खपेल याचा विचार सोडा, तुम्हाला जे लिहावंसं वाटतं ते लिहा. त्यानंतर ‘लेडी सामंथा’ हे गाणं आलं, जून १९६९ मध्ये ‘एम्प्टी स्काय’ हा पहिला अल्बम आला, आणि पाठोपाठ दोघांची भाषा बदलली. हा बदल कुठल्याही चरित्रात एका परिच्छेदात वाचता येतो. इथे तो गाण्यागणिक ऐकू येतो. चौथ्या सीडीच्या शेवटाकडे आणि पाचवीच्या सुरुवातीला चाल आता शब्दांच्या मागे फरफटत नाही, त्यांच्या आत शिरते. ‘सिंग मी नो सॅड साँग्ज’ हा १९६९ चा डेमो ऐका. संच येण्याआधी कंपनीनं नमुना म्हणून हेच गाणं प्रसिद्ध केलं होतं आणि निवड अगदी योग्य होती. इतका मोकळा, इतका उत्साही एल्टन त्याआधी कुठेच सापडत नाही.

आणि ‘स्कायलाइन पिजन’! हे गाणं एल्टननं १९६८-६९ च्या सुमारास केलं, पुढे १९७२ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं. एप्रिल १९९० मध्ये इंडियानापोलिस इथे रायन व्हाइट या एचआयव्हीग्रस्त किशोरवयीन मुलाच्या अंत्यविधीला त्यानं पियानोवर बसून हेच गायलं. त्याच वर्षी त्यानं व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि दोन वर्षांनी एड्सविरोधी कामासाठी स्वतःची संस्था काढली. पिंजऱ्यातून सुटू पाहणाऱ्या पाखराचं हे गाणं विशीच्या आसपासच्या दोन मुलांनी लिहिलं होतं.

पाचव्या सीडीवरचे ‘पियानो डेमो’ म्हणजे काय? मूळ गाणी तर आहेतच की.

१९७० च्या अल्बमपासून एल्टनच्या गाण्यांना निर्माता गस डजन आणि संयोजक पॉल बकमास्टर यांची साथ मिळाली. बकमास्टरचं व्हायोलिन-चेलोंचं संयोजन जबरदस्त आहे, पण त्यानं गाण्याचा सांगाडा झाकलाही जातो. पियानो डेमोमध्ये एल्टन एकटा आहे. ‘मॅडमन अक्रॉस द वॉटर’ असं ऐकलं की त्यातली अस्वस्थता मुळात त्याच्या डाव्या हातात होती हे कळतं. तंतुवाद्यांनी ती नंतर मोठी केली. ‘बर्न डाउन द मिशन’मध्ये स्वर इतक्या वेळा अनपेक्षित जागी वळतात की पूर्ण वाद्यवृंदाशिवाय ते कसं तोलणार असं वाटावं. तो एकट्यानं तोलतो. संगीत शिकणाऱ्या मुलांना मी ही गाणी आवर्जून ऐकायला सांगेन.

एल्टन शब्द लिहीत नाही, तर मग त्याला गीतकार-गायक कसं म्हणायचं?

पाश्चात्त्य पॉपमध्ये स्वतःची गाणी स्वतः बांधून गाणाऱ्या सगळ्यांनाच त्या गटात धरतात, आणि बांधणी म्हणजे शब्द व चाल मिळून. एल्टनच्या बाबतीत शब्द जवळजवळ नेहमी दुसऱ्याचे असतात. पण त्याची पद्धत ऐकली की तो गाण्याचा नुसता चालकार उरत नाही.

आधी शब्द येतात. बर्नी लिहून देतो. चाल, वेग, मूड यांबद्दल काहीही सांगत नाही. एल्टन कागद पियानोवर ठेवतो आणि एकटाच बसतो. अर्ध्या तासात काही जमलं नाही तर तो पुढच्या कागदाकडे वळतो, हे त्यानं अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. ओळी वगळणं, कडवी उडवणं, कुठली ओळ परत परत यावी हे ठरवणं, सगळं त्याचंच. दोघं सहसा एका खोलीत बसून लिहीत नाहीत. मराठी श्रोत्याला यात नवल वाटू नये, कारण आपल्या भावगीतांतही कविता आधी आणि चाल नंतर हाच रिवाज राहिला. गदिमांचे शब्द हाती आल्यावर बाबूजी जसे चालीला बसत, तसाच हा क्रम आहे. फरक एवढाच की इथे चाल लावणारा आणि गाणारा माणूस १९६७ पासून त्याच एका कवीचं मन वाचत आला आहे.

अपवादही आहेत. ‘बॉर्डर साँग’चं शेवटचं कडवं एल्टननं स्वतः लिहिलं, हे गाणं आठव्या सीडीवर आहे. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिननंही ते १९७० साली गायलं होतं.

पहिल्या दोन सीडींवरची एल्टनची स्वतःची निवड कशी आहे?

प्रामाणिक आहे. मोठा कलाकार आपली निवड करताना सहसा समीक्षकांनी वाखाणलेलीच गाणी उचलतो. एल्टननं १९७० च्या ‘व्हेअर टू नाउ सेंट पीटर?’पासून थेट २०१० मध्ये लिऑन रसेल या अमेरिकन गायक-पियानोवादकाबरोबर केलेल्या ‘मंकी सूट’ आणि ‘गॉन टू शायलो’पर्यंत उड्या मारल्या आहेत. शायलोच्या गाण्यात गायक नील यंगचाही आवाज आहे. रॉक अँड रोलचा गायक-पियानोवादक लिटल रिचर्ड याच्याबरोबरचं ‘द पॉवर’ आहे. लहानपणी ज्यांना ऐकून आपण पियानोवर तुटून पडायचो, त्यांच्यासोबत गाता आल्याचा आनंद या निवडीत लपत नाही.

यातली दोन गाणी कुणीही चुकवू नयेत. एक, १९७३ चं ‘द बॅलड ऑफ डॅनी बेली’, अमेरिकेतल्या एका गुंडाच्या मृत्यूची गोष्ट, आणि शेवटी वाद्यांचा लांबच लांब ओघ. दुसरं ‘टिकिंग’, १९७४ चं, सात मिनिटांहून मोठं. न्यूयॉर्कमधल्या एका बारमध्ये शांत, सालस समजला गेलेला तरुण गोळीबार करतो, आणि शेजारी-शिक्षक सगळे म्हणतात, तो तर किती गुणी होता. पियानो आणि आवाज जवळपास एकटेच आहेत. अमेरिकेत अशा बातम्या नेहमीच्या होण्याआधी कितीतरी वर्षं हे गाणं लिहिलं गेलं. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो.

एकाच माणसाचा आवाज वेगवेगळ्या सीडींवर इतका वेगळा कसा?

वय हे एक कारण. दुसरं म्हणजे १९८६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याचा आवाज बसला आणि जानेवारी १९८७ मध्ये तिथेच त्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वरच्या पट्टीतला तो पातळ, चिरत जाणारा स्वर गेला आणि आवाज खाली, भरदार झाला. बी-साइडच्या सीडी १९७६ पासून २००५ पर्यंत जात असल्यानं हा बदल तिथे सलग ऐकू येतो. मला दोन्ही आवाज आवडतात, पण तरुणपणच्या आवाजातली बेफिकिरी परत आली नाही हेही खरं.

बी-साइड १९७६ पासूनच का? त्याआधीच्या कुठे गेल्या?

त्या १९९२ च्या ‘रेअर मास्टर्स’ या दोन सीडींच्या संग्रहात येऊन गेल्या होत्या.

बी-साइडमध्ये ऐकण्यासारखं काय?

सरळ सांगतो, हा संचाचा सगळ्यात असमान भाग आहे. १९७६ चं ‘स्नो क्वीन’ सुंदर आहे. ‘डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट’ या प्रचंड खपलेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला ते दडून बसलं होतं. ‘कॉन्कर द सन’ही चांगलं. काही गाणी मात्र स्टुडिओतली गंमत आहेत. ‘कार्टिए’ तर मिनिटाच्या आत आटपतं.

तरी या सीडींचं एक महत्त्व आहे. १९७६ नंतर काही वर्षं एल्टन आणि बर्नी वेगवेगळे काम करत होते. भांडण नव्हतं, दोघेही थकले होते, बर्नी अमेरिकेत गेला होता. त्या काळात एल्टननं गॅरी ऑस्बर्न आणि टॉम रॉबिन्सन यांच्या शब्दांना चाली लावल्या. १९८३ च्या ‘टू लो फॉर झीरो’ या अल्बममध्ये बर्नी पूर्णपणे परतला. वेगळ्या कवीच्या शब्दांवर एल्टनची चाल कशी बदलते, हे तपासायला या दोन सीडींसारखी जागा नाही. ऑस्बर्नचे शब्द बोलल्यासारखे सरळ आहेत, त्यामुळे चालही गुळगुळीत होते. बर्नीचे शब्द आडवळणी असतात आणि एल्टनला वळण घ्यायला भाग पाडतात.

आठवी सीडी ऐकण्याआधी आत्मचरित्र वाचायलाच हवं का?

नाही, पण गाण्यांमागच्या गोष्टी थोड्या माहीत असतील तर बरं. ‘फिलाडेल्फिया फ्रीडम’ हे १९७५ चं गाणं टेनिसपटू बिली जीन किंगसाठी आहे. ‘साँग फॉर गाय’ (१९७८) जवळपास शब्दांविना आहे. एल्टननं ती चाल मृत्यूबद्दलच्या विचारात असताना बांधली, आणि नंतर कळलं की त्याच्या रेकॉर्ड कंपनीत निरोप पोहोचवणारा एक तरुण मोटारसायकलच्या अपघातात गेला. गाणं त्याच्या नावानं आलं.

१९९२ चं ‘द लास्ट साँग’ एड्सनं मरणाऱ्या मुलाचं आणि त्याला इतकी वर्षं न स्वीकारलेल्या वडिलांच्या शेवटच्या भेटीचं आहे. शब्द बर्नीचे. २००१ चं ‘अमेरिकन ट्रँगल’ वायोमिंगमधल्या मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या १९९८ मधल्या हत्येबद्दल आहे. ही दोन गाणी एल्टनची सार्वजनिक भूमिका कशी घडत गेली ते त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा स्पष्ट सांगतात.

सीडीतलं सगळ्यात नवं गाणं ‘आय’म गॉना लव्ह मी अगेन’, ‘रॉकेटमॅन’ या २०१९ च्या चित्रपटातलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. एल्टनचं ते दुसरं, बर्नीचं पहिलं. ‘स्केअरक्रो’नंतर ५० हून अधिक वर्षांनी.

माझ्याकडे १९९० चा ‘टु बी कंटिन्यूड...’ हा चार डिस्कचा संच आहे. मग हा का घेऊ?

तो संच आडवा छेद देतो: गाजलेली गाणी, थोडे दुर्मिळ नग, शेवटी चार नवी गाणी. ‘कम बॅक बेबी’ त्यातही आहे. ‘ज्युवेल बॉक्स’ खोल जातो आणि दोन्हींत समान भाग फारच थोडा. तुमचा जुना संच ठेवाच. तो पुढचं चित्र दाखवतो आणि हा मागचं.

सीडी घेऊ, एलपी घेऊ, की स्ट्रीमिंग पुरेल?

एलपी घेणाऱ्यांनी सांभाळा. संच एलपीवर अखंड आलेला नाही. एल्टनची निवड चार एलपींत, आठव्या सीडीची गाणी दोन एलपींत, आणि दुर्मिळ गाणी व बी-साइड मिळून फक्त निवडक तीन एलपींत आहेत. म्हणजे संचाचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तोच एलपीवर सगळ्यात जास्त कापला गेला आहे.

गाणी ऐकायला स्ट्रीमिंग पुरतं. पुस्तक मात्र सीडीबरोबरच मिळतं, आणि या संचात पुस्तकाशिवाय अर्धी मजा जाते. कुठलं गाणं कधीचं आणि कशासाठी केलेलं हे माहीत नसेल तर तिसऱ्या सीडीवरचा रेजिनाल्ड आणि पाचवीवरचा एल्टन यांच्यातलं अंतर नीट कळत नाही. भारतात बसून मागवायचं असेल तर बहुधा परदेशातूनच येईल. टपालखर्च आणि सीमाशुल्क किमतीत धरूनच हिशेब करा.

दोघांनी आपल्या सुरुवातीच्या दिवसांवर एक अख्खा अल्बम केला होता, तोही यात आहे का?

तुम्ही १९७५ च्या ‘कॅप्टन फॅन्टॅस्टिक अँड द ब्राउन डर्ट काउबॉय’बद्दल विचारत असाल. अमेरिकेच्या अल्बम-यादीत पदार्पणातच पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला अल्बम. संच विकत घेतलात तर हा अल्बम शेजारी ठेवाच. त्याचं शेवटचं गाणं ‘कर्टन्स’. त्यात एका जुन्या बुजगावण्याचा उल्लेख येतो, आणि वाऱ्यावर निघून जाणाऱ्या डँडेलियन या रानफुलाचाही. वर्षानुवर्षं श्रोत्यांनी त्या प्रतिमा नुसत्या काव्यमय म्हणून ऐकल्या. आता तिसऱ्या सीडीवर ‘स्केअरक्रो’ आणि ‘अ डँडेलियन डाइज इन द विंड’ लागोपाठ येतात, आणि बर्नी स्वतःच्याच पहिल्या गाण्यांना निरोप देत होता हे लक्षात येतं. ज्या गाण्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांना त्या दोघांनी यशाच्या शिखरावरही विसरू दिलं नाही. या एका शोधासाठी मी संचाचा ऋणी आहे.

‘रेजिमेंटल सार्जंट झिपो’ हा अल्बम वेगळा मिळतो का?

मिळतो. याच नावाचं गाणं संचात आहे. १९६७-६८ मध्ये एल्टननं या नावानं पूर्ण अल्बम रेकॉर्ड केला होता. तोच त्याचा पहिला अल्बम ठरायचा होता, पण बाजूला पडला. २०२१ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांसाठीच्या वार्षिक दिवशी, तो मर्यादित संख्येत एलपीवर आला. संचातली त्या काळची गाणी आवडली तर हा नक्की ऐका, कारण इथे ती सुटी नाहीत, त्या वयातल्या एल्टनला अल्बम म्हणून जो क्रम हवा होता त्याच्या जवळ जाणारी आहेत. ‘एम्प्टी स्काय’ त्यानंतर लगेच ऐकलंत तर वर्षभरात किती मोठी मजल मारली गेली तेही कळेल.